दाराशी ठेवलेली रोपं

नर्सरीच्या मागच्या अंगाला, जिथे हिरव्या जाळीखाली नेच्याच्या कुंड्या मांडलेल्या असतात, तिथे सकाळी पाण्याचा फवारा सुरू झाला की सगळं धूसर होऊन जातं. वरच्या बारीक नळ्यांतून पाणी धुक्यासारखं खाली उतरतं, जाळीतून गाळून आलेला उजेड त्यात विरघळतो, आणि मध्ये उभं असलेलं माणूस आपण जमिनीवर आहोत की एखाद्या तळ्याच्या तळाशी, हे क्षणभर विसरून जातं. मावशीचा दिवस तिथे उगवायचा. डोक्याला रुमाल बांधून ती त्या धुक्यात उभी राहायची, हात जोडायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. भाचीने लहानपणी एकदा विचारलं होतं, "तू देवाला काय सांगतेस गं रोज?" तेव्हा मावशी म्हणाली होती, "काही नाही, हजेरी देते."

तशी ती एकाच मुलीची मावशी. पण ती मुलगी नर्सरीतच लहानाची मोठी झाली, दिवसभर "मावशी, मावशी" करत मागे फिरली, आणि ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. केस पिकलेली माणसंसुद्धा दारातून हाक मारायची, "मावशी, लिंबाचं रोप आहे का?"

आहे की नाही हे मावशी लगेच सांगत नसे. आधी विचारायची, "कुठे ठेवणार?" मग खिडकी कुठल्या बाजूला, दुपारी ऊन आत येतं की नुसताच उजेड, घरात मांजर आहे का. आणि सगळ्यात शेवटी, "पाणी कोण घालणार?" या प्रश्नाला कोणी हौसेने "आम्ही सगळेच" म्हणालं, की मावशी हातातलं रोप परत जागेवर ठेवायची. सगळे पाणी घालतात त्या घरात रोप बुडून मरतं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने घातलं असेल, आणि वाळून मरतं. नर्सरीचे मालक कपाळाला हात लावायचे. "अहो मावशी, आपण इथे रोपं विकायला बसलोय, लेक द्यायला नाही."

दुसरी तिची खोड याहून अवघड होती. पैसे दिले म्हणून रोप त्याच दिवशी घरी न्यायला मिळत नसे. जाळीखाली लाडात वाढलेलं रोप एकदम बाहेर गेलं की पहिल्याच उन्हात पानं भाजतात, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की तिने नियमच करून टाकला. विकलेलं रोप आधी दाराशी यायचं. फाटकाच्या आतल्या बाजूला अर्धी सावली, अर्धं ऊन अशी एक पट्टी होती, तिथे आठवडाभर बसायचं. सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं जास्त, रस्त्यावरची धूळ, वाऱ्याचे धक्के. आठवड्याने पानं जराशी जाड व्हायची, देठ ताठ व्हायचे, आणि मग मावशी म्हणायची, "आता न्या. आता ते कुठेही जगेल."

घरी तिघीच. मावशी, तिची धाकटी बहीण आणि बहिणीची ही मुलगी. बहीण सरकारी हॉस्पिटलात नर्स. मुलीच्या वडिलांनी मुलगी रांगत होती तेव्हाच दुसऱ्या गावी दुसरं घर केलं, आणि या घरात त्यांचा विषय निघत नसे, कारण निघून उपयोग नव्हता. बहिणीची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून मुलगी मावशीबरोबर नर्सरीत. कुंड्या भरायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसून तिने सगळा अभ्यास केला. फवाऱ्याच्या दमटपणाने तिच्या वह्यांची पानं कायम लाटांसारखी वाकलेली असत, आणि शाळेतल्या बाई विचारायच्या, "तू अभ्यास नदीत बसून करतेस का?" ती घरी येऊन सांगायची, "घरात एक नर्स आणि एक नर्सरी. मी आजारी तरी पडू कशी, आणि कोरडी तरी राहू कशी?"

कॉम्प्युटरचा नाद तिला त्या फवाऱ्यानेच लावला. एका वर्षी फवारा चालू-बंद करणारं घड्याळ बिघडलं, आणि दुरुस्तीवाला काही येईना. भाचीने कुठून कुठून जुने सुटे भाग जमवले, दोन तारा कुंडीतल्या मातीत खोचल्या, आणि माती सुकली की पाणी आपोआप सुटेल अशी काहीतरी जुळणी केली. पहिल्या दिवशी पाणी सुटलं ते थांबेचना. मावशी पोचली तेव्हा नेचे अक्षरशः पोहत होते. ती ओरडायच्या बेतात होती, पण पोरीचा चेहरा बघून गप्प बसली. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून पोरगी त्या तारांकडे अशी बघत होती, जसं कोणी पहिल्यांदा समुद्र बघतं. म्हणाली, "मावशी, त्याला कोरडं कळतंय, पण पुरे कधी झालं ते कळत नाहीये. ते त्याला सांगायचं कसं?"

आठवड्याभराने तिने सांगितलं, आणि त्याला ते कळलं. तेव्हापासून नर्सरीचं पाणी तीच बघे. आणि बारावी झाल्यावर कॉम्प्युटर सायन्स सोडून दुसरं नाव तिच्या तोंडी आलं नाही.

मुलगी काय शिकणार ते ठरलं, आता कुठे शिकणार हा प्रश्न होता. तो वाटतो तितका साधा नव्हता. कॉलेज एकच निवडायचं होतं. पहिली फी एकदा भरली की ती परत मिळत नव्हती, आणि दुसऱ्यांदा भरायला घरात काही शिल्लक राहणार नव्हतं. किती, ते सांगत नाही. ज्याच्या घरात मूल शिकतंय त्याला तो आकडा पाठ असतो आणि बाकीच्यांना तो खोटा वाटतो. म्हणजे एकदाच, आणि बरोबर.

बहीण हॉस्पिटलातून येऊन पाय वर करून बसली होती. म्हणाली, "ताई, तूच बघ बाई. माझी ड्युटी बदलता बदलत नाही. तू लोकांची घरं न बघता ओळखतेस, कॉलेज तर बघून ओळखशील."

"मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

"तुला पोरगी कळते ना? मग झालं. फक्त एक कर. बोर्डावर लिहिलेली फी विचारू नकोस. सगळं धरून, सगळं वजा करून, शेवटी हातातून किती जातं ते विचार. हॉस्पिटलचं बिल कोणी पहिल्या पानावर बघतं का?"

पहिलं बघितलं ते घरामागचं कॉलेज. इतकं जवळ, की दुपारी जेवायला घरी येता यावं. आवार झाडलेलं, कडेने झाडं, वर्गांत पूर्वेचा उजेड. मावशी एका रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसली. फळ्यावर ऊन चमकतं का, वारा कुठून येतो, पंखा कुरकुरतो का, हे सगळं तिने डोळे अर्धे मिटून बघितलं, आणि तिला फार बरं वाटलं. बसल्या बसल्या तिला दिसलं, की भाची या खिडकीशी बसली आहे, आणि दुपार झाली की पाटीपुस्तकं घेऊन, म्हणजे लॅपटॉप घेऊन, नर्सरीच्या टेबलाशी परत आली आहे. असंच चाललं आहे. काहीच बदललं नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत ओळीने मशीनं होती, आणि प्रत्येकावर प्लास्टिकचं पांघरूण. पाळणाघरात दुपारी निजवलेल्या मुलांसारखी. भाचीने ऑफिसातल्या बाईंना विचारलं, "तास संपल्यावर इथे बसता येतं?"

"कशाला?" बाईंनी विचारलं. त्यात खोच नव्हती, त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

"करून बघायला."

"काय करून?"

भाचीने एका पांघरुणाचं टोक उचलून आत बघितलं. बाई समजुतीने म्हणाल्या, "तास असला की उघडतो, संपला की बंद. मशीन बिघडलं तर जबाबदार कोण, सांग बरं?"

परत येताना मावशीने विचारलं, "कसं वाटलं?"

"ठीक आहे."

हे 'ठीक आहे' मावशीच्या ओळखीचं होतं. गिऱ्हाईक रोपाभोवती चार चकरा मारून असं म्हणतं, तेव्हा ते रोप त्याच्या गॅलरीत वाळून जातं. इतरांच्या बाबतीत तिने ते लगेच ओळखलं असतं. त्या दिवशी मात्र तिने ते ऐकूनही ऐकलं नाही.

दुसरं, मोठं कॉलेज. शाळेतल्या बाईंनी सुचवलेलं, नातेवाइकांनी डोक्यावर घेतलेलं, ज्याचं नाव घेतलं की लोक "अरे वा" म्हणतात असं. आरशासारख्या काचांच्या इमारती, आणि त्या काचांत ढग तरंगत होते. तिथल्या एका विद्यार्थ्याने त्यांना सगळं फिरवून दाखवलं. तो चालायचा भराभर आणि बोलायचा त्याहून भराभर, आणि मावशीला सारखं वाटत होतं की आपण हळू चालतो म्हणून त्याची गाडी चुकणार आहे. वर्ग पायऱ्या-पायऱ्यांचा, एखाद्या तमाशाच्या तंबूएवढा. भाची सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून खालचा फळा हातरुमालाएवढा दिसत होता.

खाली आल्यावर ती स्वतःच म्हणाली, "छान आहे. पण इथे मी चार वर्षं शेवटच्या बाकावर काढीन, आणि कोणाला कळणारही नाही. मला विचारायला वेळ लागतो, मावशी. इथे विचारेपर्यंत तास संपेल." आणि फीमध्ये सवलत मिळूनही त्या शहरात खोलीचं भाडं असं होतं, की बहिणीने ऐकून नुसतं "हं" केलं आणि डाळ ढवळत राहिली.

मावशीने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि लगेच जरा ओशाळली. आभार नेमके कशाचे मानले, ते तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

घरी तिने जाहीर करून टाकलं. "लहान रोप उगाच मोठ्या कुंडीत लावू नये. माती ओली राहते, मुळं तिथवर पोचत नाहीत, कुजतात. घरामागचंच बरं. मापाचं आहे." बहिणीने मुलीकडे बघितलं. मुलीने ताटाकडे बघितलं.

नर्सरीत एक गिऱ्हाईक होतं, कोरफड सर. आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले, आणि घरात इतका काळोख की त्यांच्याकडे कोरफडसुद्धा मेली. म्हणून हे नाव. ते तोंडावरही चालायचं, कारण त्यांनीच ते पहिल्यांदा हसून घेतलं होतं. मावशीने त्यांना रोप देणं केव्हाच बंद केलं होतं, तरी ते यायचे, कुंड्यांमधून फिरायचे, स्टुलावर बसून चहा प्यायचे.

"बाई, आज तरी द्या काहीतरी."

"तुमच्या खिडकीसमोरची भिंत पाडा, मग देते."

"ती शेजाऱ्याची आहे हो."

"मग शेजाऱ्याला विचारा, त्याला कोरफड हवी का."

भाची तिथेच कुंड्या भरत होती. सरांनी तिला कॉलेजचं विचारलं, तिने सांगितलं. सर म्हणाले, "कामाच्या दिवशी सगळीच कॉलेजं सारखी दिसतात. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघ. कोणी बोलावलं नसताना कोण आलंय, ते बघ."

रविवारी भाची घरामागच्या कॉलेजवर गेली आणि लगेच परत आली. फाटकाला कुलूप होतं. वॉचमन चांगला माणूस होता, म्हणाला, उद्या ये.

"सुट्टीला बंदच असणार," मावशी म्हणाली.

"हो," भाची म्हणाली. मग हळूच, "एक तिसरं आहे, मावशी. टेकडीवरचं. मी तिथल्या मुलींना फोन करून विचारलंय. सकाळच्या बसने निघालं की दुपारी पोचतं."

"दुपारी? म्हणजे राहायचं तिथे?"

"हॉस्टेलवर."

मावशीच्या हातात खुरपं होतं. ते तिने मातीत खोचलं. "तुला सांगितलं ना, नवीन माती, नवीन पाणी, एकटं रोप..."

"मावशी," भाची म्हणाली, आणि ती रागावलेली नव्हती, तेच अवघड होतं. "मी रोप नाही. रोपाला जिथे ठेवलं तिथेच राहावं लागतं. मला पाय आहेत. नाही जमलं तर मी उठून परत येईन."

मावशीने सगळ्या कुंड्यांना पुन्हा एकदा पाणी घातलं, ज्यांना नको होतं त्यांनासुद्धा.

पुढच्या सुट्टीला दोघी बसने निघाल्या. खिडकीतून शेतं मागे सरकत होती, ऊन मावशीच्या मांडीवर येऊन बसलं होतं, आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात ती नर्सरीत होती आणि फवारा चालू होता. त्या धुक्यात सगळ्या कुंड्यांना पाय फुटले होते, लहान मुलांसारखे गोबरे, मातीने माखलेले. एकामागून एक कुंडी तिच्यासमोर येऊन उभी राहत होती आणि विचारत होती, "जाऊ?" मावशीला हो म्हणायचं होतं, पण तो शब्दच आठवत नव्हता. तिने फार शोधला. कुंड्या शांतपणे वाट बघत होत्या, कुणालाच घाई नव्हती. फाटक मात्र उघडं होतं, आणि त्यातून नुसता पांढरा उजेड आत येत होता.

"उतरायचंय," भाची म्हणाली.

टेकडीवरचं कॉलेज दिसायला काहीच नव्हतं. रंग उडालेली इमारत, चढावर पायऱ्या, पायऱ्यांवर एक कुत्रं. ऑफिस बंद. पण वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या दिशेने गेल्या, तर लांब व्हरांड्याच्या टोकाला एक दार होतं. ते मिटू नये म्हणून त्याला एक मोठी कुंडी लावून ठेवली होती, आणि कुंडीत नेचा.

आत चार-पाच मुलंमुली जमिनीवर पालथी पडली होती. मध्ये एक खेळण्याएवढी गाडी भिंतीच्या कडेने चालत होती, वळणाशी जात होती आणि थेट कपाटावर आदळत होती. आदळली की सगळे हसत. भाची दारात थांबली. गाडी पुन्हा आदळली.

"वळायचं ते ही ठरवते कशी?" भाचीने विचारलं.

उन्हाची टोपी उलटी घातलेली एक मुलगी वळून न बघताच म्हणाली, "तेच तर आम्हाला कळत नाहीये. ये, तू बघ."

कोण, कुठली, काही विचारणं नाही. भाचीने चपला काढल्या आणि आत गेली. थोड्या वेळाने तीही पालथी पडलेली होती.

मावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दुपारचं ऊन खांबांच्या मधून आत आलं होतं आणि फरशीवर त्याचे लांब लांब पट्टे पडले होते. सगळीकडे असा निवांतपणा, जसा प्रार्थना संपल्यावर थोडा वेळ राहतो. उघड्या दारातून तिला भाची दिसत होती. पोरगी काहीतरी म्हणाली, कोणीतरी "नाही गं" म्हणालं, तिने पुन्हा सांगितलं, अडखळत, सावकाश. आणि ते थांबले. तिचं पुरं होईपर्यंत सगळे थांबले. मावशीने हे बघितलं. नर्सरीतल्या त्या पाण्यात उभी असताना पोरीचा जो चेहरा होता, तोच चेहरा आज तिला इतक्या लांबून, दुसऱ्यांच्या दारातून दिसत होता.

हात रिकामा राहिला तर तो मावशीचा हात नव्हता. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि दाराच्या नेच्याला पाणी घालू लागली. हळूहळू, कडेकडेने, जसं घालायचं तसं. नजर आत होती. बाटली अर्धी संपली. पाणी कुंडीवरून वाहून फरशीवर आलं, उन्हाच्या पट्ट्यात चमकलं, दाराखालून आत गेलं.

टोपीवाली मुलगी उठून आली. पाणी बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि तिला हसू आवरेना. "मावशी, ते प्लास्टिकचं आहे."

मावशीने खाली बघितलं. खरंच प्लास्टिक. पानांवर धूळ, कडा वितळल्यासारख्या, रंग असा हिरवा की कुठल्याही झाडाला तो लाज वाटून सोडून द्यावा लागेल. जाळीखाली हजारो नेचे वाढवलेली बाई प्लास्टिकच्या नेच्याला पाणी घालत होती. आतून भाची ओरडली, "मावशी, तू?" आणि पाठीवर लोळून हसली. मग मावशीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते तिने रुमालाने पुसलं ते जरा जास्तच वेळ.

रोप तिने बघितलंच नव्हतं. आज नाही, आणि गेले कितीतरी दिवस नाही. घरामागच्या त्या वर्गात बसून तिने उजेड मोजला, वारा मोजला, तो सगळा आपल्या टेबलाच्या कोपऱ्यासाठी मोजला. पोरगी समोर उभी राहून 'ठीक आहे' म्हणत होती, आणि तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

टोपीवालीने पोतेरं आणलं, मावशीने ते तिच्या हातून घेतलं, आणि फरशी पुसता पुसता तिने आपले नेहमीचे प्रश्न सुरू केले. जेवण कसं असतं? आजारी पडलं तर बघतं कोण? मुली चिडवतात का? दार रात्री कोण लावतं? टोपीवाली सगळ्याला उत्तर देत गेली. फीचं विचारल्यावर म्हणाली, "बोर्डावरची फी बघून घाबरू नका. मीही आधी घाबरले होते. गुणांवर थोडी सुटते, घरच्या मिळकतीवर थोडी सुटते, आणि दुपारी लॅब सांभाळली की हॉस्टेलच्या खोलीचं काही द्यावं लागत नाही. पण ऑफिसकडून लेखी घ्या. तोंडी हो म्हणण्यावर जाऊ नका."

"पाणी कोण घालतं इथे?" मावशीने शेवटी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "राहू दे."

परतीच्या बसमध्ये मावशी बाहेर बघत म्हणाली, "त्या घरामागच्या कॉलेजात मी सोय माझी बघत होते गं."

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." भाचीने डोकं मावशीच्या खांद्यावर टेकलं. "फवाऱ्याचं पण तसंच असतं. त्याचं त्याला कळेपर्यंत थांबावं लागतं."

ऑफिसचं उत्तर लेखी आलं. बहिणीने एका बाजूला घरामागचं मांडलं, एका बाजूला टेकडीवरचं. घरामागच्याची फी कमी होती, पण परीक्षेचे वेगळे, लॅबचे वेगळे, सवलत कसलीच नाही, आणि लॅब बंद म्हणजे घरी मशीन आणणं आलं. टेकडीवरचं सगळं सुटून, जेवणखाण आणि बसचं भाडं धरून, उरलं ते जवळजवळ तेवढंच. बहीण दोनदा तपासून म्हणाली, "जमेल. ताणून नाही, बेताने जमेल." मग पेन ठेवून म्हणाली, "तू काय म्हणतेस, ताई?"

"मला काय विचारतेस, मी तर प्लास्टिकला पाणी घालते," मावशी म्हणाली. आणि मग, "तिला जाऊ दे. तिथे तिचं बोलणं संपेपर्यंत थांबतात."

फी भरली. जायला आठवडा उरला तेव्हा मावशीने भाचीची गादी आतल्या खोलीतून उचलली आणि बाहेरच्या खोलीत, दाराला लागून घातली.

"हे काय आता?" बहिणीने विचारलं.

"आठवडाभर इथे झोपेल. रस्त्याचे आवाज, गार वारा, एकटीने उठणं. सवय नको व्हायला?"

बहीण हसत सुटली. भाची मात्र हसली नाही. ती गादीवर बसली, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघितलं, मग मावशीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "माझी पानं झाली आहेत गं जाड. इथे तू झोप. सवय तुला करायची आहे."

मावशीने आयुष्यात इतक्या रोपांना दाराशी ठेवलं, पण स्वतः दाराशी कधी बसली नव्हती. तिची जागा कायम मागे, जाळीखाली, धुक्यात. त्या आठवड्यात ती गादी दाराशीच राहिली, आणि तिच्यावर मावशी झोपली. पहाटे दूधवाल्याची सायकल, पाखरांची कुजबुज, फटीतून आत येणारी पहिली उजेडाची रेघ, हे सगळं तिला नवं होतं. आणि वाटलं होतं तितकं ते टोचत नव्हतं.

भाची गेली त्या सकाळी मावशी तिला सोडायला बसपर्यंत गेली नाही. बहीण गेली. मावशीने नर्सरीत येऊन फवाऱ्याखाली हजेरी दिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग मागच्या टेबलाशेजारचं आपलं स्टूल उचललं आणि फाटकाच्या आत, अर्ध्या सावलीच्या अर्ध्या उन्हाच्या पट्टीवर, विकल्या गेलेल्या रोपांच्या ओळीत ठेवलं. एका बाजूला मोगरा, एका बाजूला लिंबू, मध्ये ती.

कोरफड सर आले. तिला तिथे बघून थबकले. "बाई, आज तुम्ही इथे?"

"आठवडाभर इथेच," मावशी म्हणाली. "बसा. चहा सांगते. आणि सर, तुमच्या खिडकीसाठी एक झाड बघून ठेवलंय. टेकडीवर मिळतं. पाणी नको, ऊन नको, मरत नाही."

"असं कुठलं झाड?"

"पोरगी सुट्टीला येईल तेव्हा आणायला सांगते."

रस्त्यावरून बस गेली. ती भाचीची होती की दुसरी, ते धुळीत कळलं नाही. मावशीने तरी हात हलवला. ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं, कोवळं, जरासंच भाजणारं. तिने पाय मागे घेतले नाहीत.